पार्श्वभूमी: दिवस राहण्याआधीचं बीपी

बाळंतपणात झटके येऊन बाई दगावते, हे कोकणातल्या वैजिणींनाही ठाऊक होतं. त्यामागे चढलेलं बीपी असतं, पण हाताला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची सोय १८९६ सालची. त्यानंतरही सगळं लक्ष गरोदरपणात चढणाऱ्या बीपीवर राहिलं, आधीपासून असलेलं बीपी मागेच पडलं.

नियम असा की, विसाव्या आठवड्याआधी १४०/९० भरलं तर ते जुनं, नंतर चढलं तर गरोदरपणातलं. पण दिवस राहिल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात बीपी आपसूक खाली येतं. पहिली नोंदणीच तेव्हा झाली, तर जुनी पेशंट कार्डावर ठणठणीत दिसते. सातव्यात ती देवगडच्या सासरहून राजापूरला माहेरी येते, आकडा चढलेला असतो आणि तो जुना की नवा, हे कार्डावरून कळत नाही. मग पळापळ, कधी कोल्हापूर, कधी थेट गोव्यातलं बांबोळीचं सरकारी इस्पितळ.

खरा वाद गोळीचा. वरचा आकडा १४० ते १५९ असेल, तर औषध द्यायचं का? बीपी उतरवलं तर वारेतून बाळाला रक्त कमी पडेल, या धास्तीने अमेरिकेत बरीच वर्षं १६० गाठेपर्यंत थांबायचा सल्ला होता. धास्ती बिनबुडाची नव्हती, पण थांबण्याची किंमत पुरेशी मोजली गेली नव्हती. २०२२ साली अमेरिकेतल्या सुमारे २,४०० जुन्या बीपीच्या गरोदर बायकांचा अभ्यास आला. औषध देऊन १४०/९०च्या खाली ठेवलेल्या गटात बीपीची तीव्र गुंतागुंत, वार सुटणं, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, बाळ दगावणं यांचं एकत्रित प्रमाण ३० टक्के भरलं, थांबलेल्या गटात ते ३७ होतं, आणि कमी वाढीची बाळं काही वाढली नाहीत. इतका साधा प्रश्न इतकी वर्षं लोंबकळत राहावा, हे पटत नाही. त्यातच २०१७ साली तिथल्या हृदयरोगवाल्यांनी सर्वांसाठी रेघ १३०/८०वर आणली, प्रसूतीवाल्यांनी १४०/९० सोडली नाही.

गोळ्यांचीही निवड आहेच: नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेल्या गोळ्या पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला घातक, त्या वेळेत बदलाव्या लागतात.

आपल्याकडे २००५ नंतर आशाताई दारापर्यंत आल्या, २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी होते. हे सगळं पाळी चुकल्यावरचं. सरसकट बीपी तपासणीची मोहीम आहे, पण ती तिशीपुढच्यांची आणि पहिलं बाळंतपण बहुधा त्याआधीच उरकलेलं असतं.