रॉकच्या तारा आणि मिरजेची जवारी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात शास्त्रीय संगीताचे जाणते श्रोते आहेत, तसेच स्नेहसंमेलनात रॉक वाजवणारी महाविद्यालयीन मुलेही आहेत. तानपुऱ्याच्या झंकारावर जीव टाकणारे आणि गिटारच्या खरखरीत नादात रमणारे हे दोन्ही गट प्रत्यक्षात एकाच भौतिक घटनेचे चाहते आहेत, ती म्हणजे तारेतून मूलस्वरासोबत उमटणारे, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर. रॉकमधील गिटार आणि बेसचे (खालच्या सुरांच्या गिटारचे) वादन पिढ्यांगणिक बदलले ते बोटांच्या वेगामुळे, असे अनेकांना वाटते. माझ्या मते हा बदल मुख्यतः उपस्वरांचा आहे.

अमेरिकी वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये पडदे (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेली विजेची बेस गिटार बाजारात आणली. नेहमीच्या जुळणीत तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते आणि त्यात आजही फरक पडलेला नाही. पोलादी तार हलली की खालच्या चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे शास्त्रज्ञ फॅरडे यांचे तत्त्वही आजवर तेच आहे. सुरुवातीच्या पिढीच्या तारांवर मात्र चपटी, गुळगुळीत गुंडाळी असे. डेट्रॉइटचे बेसवादक जेम्स जेमर्सन अशाच तारा केवळ तर्जनीने छेडत, त्यामुळे वरचे उपस्वर लवकर विझून गोल, भरीव स्वर उरत असे. १९६६ च्या सुमारास ब्रिटनचे बेसवादक जॉन एन्टविसल यांनी गोल गुंडाळीच्या तारांचा आग्रह धरला आणि बेसला पियानोसारखी धातूची चमक आली.

साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी बेसवादक लॅरी ग्रॅहम अंगठ्याने तारेवर आघात करू लागले. ही तार धातूच्या पडद्यांवर आदळते, आणि आपल्या भागातील वाचकाने येथे थोडे थांबावे असे मला वाटते. सामान्य नियम असा की तार जिथे छेडली जाते तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू (त्या उपस्वरात तार जिथे हलत नाही ती जागा) येतो, तो उपस्वर उमटू नये. तानपुऱ्याची तार मधोमध छेडल्यास सम क्रमांकाचे उपस्वर गायब व्हायला हवेत. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, कारण रुंद, किंचित वक्र घोडीला तार वारंवार स्पर्श करते आणि त्या स्पर्शातून ऊर्जा एका कंपनप्रकारातून दुसऱ्यात जाते. मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी, म्हणजे तारेचा झंकार देणारा वक्र पृष्ठभाग, काढतात ते नेमके हेच साधण्यासाठी. बेसची तार पडद्यावर आदळते तेव्हा तो स्पर्श क्षणिक आणि कठोर असतो, पण कुळ तेच.

गिटारवादकांनी उपस्वर विजेकडून मिळवले. १९६१ मध्ये गाजलेल्या, नॅशव्हिलच्या एका ध्वनिमुद्रणात बिघडलेल्या यंत्रामुळे सहा तारांच्या बेसचा नाद फाटला, तो आवडला, आणि पुढच्याच वर्षी तो मुद्दाम निर्माण करणारे पेडल (पायाने चालू-बंद करायचे यंत्र) बाजारात आले. लहरीचे माथे कापले की मूळ आवाजात नसलेले उपस्वर जन्मतात, इतकेच त्यामागचे गणित.

ब्रिटिश गिटारवादक टोनी आयोमी यांची गोष्ट वेगळी आहे. १९६५ मध्ये कारखान्यातील अपघातात त्यांच्या दोन बोटांची टोके तुटली. १९७१ पर्यंत ते तारा तीन अर्धस्वर खाली उतरवू लागले होते. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून त्याच तारा एवढ्या उतरवल्यास ताण सुमारे ३० टक्के घटतो आणि दुखऱ्या बोटांना तार दाबणे सोपे जाते. वेदनेवरचा उपाय हेवी मेटल या अख्ख्या शैलीचा स्वभाव ठरला, याचे मला फार अप्रूप वाटते.

खाली उतरण्याची ही ओढ पुढेही टिकली. आठ तारांच्या गिटारची सर्वांत खालची तार साधारणतः ४६ हर्ट्झवर (सेकंदाला ४६ कंपनांवर) असते, म्हणजे गिटार बेसच्या अंगणात शिरली आहे. शिवाय आजचा श्रोता मोबाइलवर ऐकतो, आणि त्याच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ जवळजवळ येतच नाही. तरीही बेस ऐकू येतो, कारण ८२, १२३, १६४ अशा उपस्वरांच्या समान अंतरावरून मेंदू न आलेला मूलस्वर ओळखतो. म्हणून नव्या पिढीतील अनेक बेसवादक आवाजाचे दोन भाग करतात: खालचा स्वच्छ ठेवतात आणि वरचा मुद्दाम फाडून त्यात उपस्वर भरतात.