बागेत फिरायला जाताना कमरेला रिव्हॉल्वर: परवाना कसा मिळतो आणि पोलिसांनी अडवलं तर काय दाखवायचं

परवाना आहे म्हणून रिव्हॉल्वर दिसेल असं लटकवून बागेत फेऱ्या मारता येतात, ही समजूत चुकीची आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. लांब बंदूक तिच्या कव्हरमध्ये. टी-शर्ट आखूड असेल आणि बाकावर बसताना मूठ उघडी पडत असेल, तर ते झाकलेलं नव्हे. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्या संविधानात शस्त्र बाळगण्याचा हक्कच नाही. एकत्र जमण्याचा हक्क आहे, तोही ‘शांततेने व विनाशस्त्र’.

परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्तांकडे आणि बाकी ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. वय किमान २१ वर्षं लागतं. हिंसाचार किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर ती भोगून पाच वर्षं होईपर्यंत परवाना मिळत नाही. चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड (दंडाधिकाऱ्यांनी लिहून घेतलेली हमी) चालू असेल, तर तो संपेपर्यंतही मिळत नाही. शस्त्र अधिनियमातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे.

अर्ज ए-१ नमुन्यात, एनडीएएल-एलिस या केंद्रीय पोर्टलवर भरायचा. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, रहिवासाचा पुरावा, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (एस-१) आणि शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला (एस-३). दाखल्यात अर्जदार व्यसनाधीन नसल्याचा स्पष्ट उल्लेख लागतो. नुसतं ‘फिट’ लिहून आणलेला कागद परत येतो. पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर सातबारा जोडा. तो परवाना शेताच्या राखणीपुरता असतो. ती बंदूक घेऊन बाजाराला जाता येत नाही, आणि रानडुक्कर मारायची मुभा त्यातून मिळत नाही, त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी.

बहुतेक अर्ज अडकतात ते ‘गरज’ या रकान्यावर. ‘स्वसंरक्षणासाठी’ एवढंच लिहिलं की पोलीस ठाण्याचा अभिप्राय प्रतिकूल येतो. रोकड ने-आण करत असाल तर बँकेची विवरणपत्रं, धमक्या आल्या असतील तर तक्रारींच्या प्रती, तारखांसह जोडा. दुसरी अडचण पत्त्याची: आधारवर गावचा पत्ता, राहणं भाड्याच्या घरात, मग पडताळणी कोणत्या ठाण्याने करायची यातच महिने जातात. आधी आधार दुरुस्त करा. एखादा जुना गुन्हा दाखल असेल, सुटका झालेली असली तरी, लपवू नका. निकालाची प्रत लावा. गुन्ह्यापेक्षा लपवाछपवी महागात पडते. पोलिसांनी अहवाल ३० दिवसांत द्यायचा आणि तो मिळाल्यावर परवाना प्राधिकाऱ्याने ६० दिवसांत निर्णय घ्यायचा, असं नियम सांगतो. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो, म्हणून आवक क्रमांक जपून ठेवा. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येत नाही. नकार आला तर कारणं लेखी मागा आणि शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली मुदतीत अपील करा.

परवाना हातात पडला की तीन गोष्टी तपासा: युनिक ओळख क्रमांक छापला आहे ना, क्षेत्र कोणतं लिहिलं आहे (महाराष्ट्रापुरतं की भारतभर), आणि काडतुसांची संख्या. पुण्याहून गोव्याला निघालेल्याचा परवाना महाराष्ट्रापुरताच असेल, तर हद्द ओलांडताच तो अडचणीत येतो.

बागेत, उद्यानात

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी चालायला जाणाऱ्यांनी हत्यार घरीच ठेवावं. वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय राष्ट्रीय उद्यानात वा अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश नाही, मग शस्त्र परवाना असो वा नसो. महापालिकेच्या बागेतही दारावरची पाटी वाचा. शिवाय सणावारी, मोर्चाच्या वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यात शस्त्रं बाळगण्यावर बंदी असते. असे आदेश नेहमीचे असतात, म्हणून कोणी वाचत नाही. अडकतात ते यातच. वरातीत बार काढणं तर थेट गुन्हा: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पोलिसांनी हटकलं तर

शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे शस्त्र बाळगणाऱ्या कोणाकडेही कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. त्यासाठी वॉरंट लागत नाही, ‘कशाला दाखवू’ हा प्रश्न तिथे चालत नाही. दोन्ही हात दिसतील असे ठेवा आणि कमरेकडे हात नेण्याआधी बोला: ‘साहेब, परवान्याचं रिव्हॉल्वर आहे, उजव्या बाजूला. परवाना डाव्या खिशात आहे.’ मूळ परवाना जवळ ठेवा, झेरॉक्सवर तंटा होतो. अधिकारी हत्यारावरचा क्रमांक, मुदत, क्षेत्र आणि काडतुसं परवान्याशी ताडून पाहतील.

परवाना दाखवता आला नाही तर ते नाव-पत्ता विचारू शकतात आणि गरज वाटल्यास हत्यार जप्त करू शकतात. नाव-पत्ता नाकारला किंवा खोटा असल्याचा संशय आला, तर विनावॉरंट अटकही. म्हणून नाव-पत्ता खरा सांगा. परवानाच नसेल तर प्रकरण वेगळं: किमान दोन, कमाल पाच वर्षं कैद.

हक्क तुमचेही आहेत. अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेची कारणं सांगावी लागतात, नातेवाईकाला कळवावं लागतं, चौकशीत वकिलाला भेटता येतं आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. जप्तीच्या यादीवर सही करण्याआधी हत्याराची बनावट, क्रमांक आणि काडतुसांचा आकडा स्वतः वाचा. सहा होती आणि पाच लिहिली असतील, तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.