डिलिव्हरी शुल्क म्हणजे टिप नव्हे
‘बिलात डिलिव्हरी शुल्क घेतलेच आहे, मग जेवण आणणाऱ्याला वेगळी टिप कशाला?’ हा जुना समज चुकीचा आहे. ते शुल्क कंपनी आकारते. आणणाऱ्याचा मोबदला ती अंतर, वेळ इत्यादींच्या हिशेबाने स्वतंत्रपणे ठरवते, त्यामुळे शुल्क वाढले म्हणून त्याच्या हाती जास्त पडेलच असे नाही. स्विगी आणि झोमॅटो यांनी २०२३ मध्ये प्रत्येक ऑर्डरवर २ रुपयांपासून सुरू केलेले प्लॅटफॉर्म शुल्क तर कंपनीचेच असते. टिप बंधनकारक नाही, हेही खरे; परंतु पेट्रोल बहुधा त्याच्याच खिशातून जाते, आणि भर पावसात पिशवी कोरडी ठेवून, लिफ्ट नसलेल्या इमारतीचा चौथा मजला चढून आलेल्या माणसाच्या हातावर २०-३० रुपये ठेवावेत, असे मला मनापासून वाटते.