पार्श्वभूमी : आदेश राहतो, टिपणी जाते

शासन निर्णयाच्या डोक्यावर ‘वाचा’ म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते. तिचा माग काढत गेले की एखादा नियम केव्हा आला आणि केव्हा बदलला ते कळते. का बदलला ते कळत नाही. प्रस्तावनेत त्याची दोन-तीन ओळींत बोळवण झालेली असते. खरे कारण काय होते, हरकत कोणी घेतली, पैशांचा प्रश्न कोणी काढला, कोणता पर्याय बाजूला टाकला, हे सगळे फायलीच्या टिपणी भागात, म्हणजे निर्णयाआधी कर्मचारी-अधिकारी आपापली मते लिहितात त्या पानांवर असते. आदेशाच्या प्रती जिल्ह्याजिल्ह्यांत जातात. टिपणीची प्रत कुठेच जात नाही. फायली संगणकावर हाताळणारी ई-ऑफिस प्रणाली आल्यावर आता काहीच हरवणार नाही असे सांगितले जाते, म्हणून सरकारी कचेऱ्यांनी आपली माहिती आजवर कशी जपली आणि कशी गमावली ते पाहायला हवे.

फार मागे जाण्याचे कारण नाही. पेशव्यांचे दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेले, इनामांच्या चौकशीत त्याचा भरपूर वापर झाला, आणि ते आजही पुण्यात रुमालांत बांधलेले आहे. पुढे १८७९ चा जमीन महसुलाचा कायदा आणि १९०३ चा हक्कनोंदणीचा कायदा आला, गाव नमुने, म्हणजे गावच्या नोंदवह्यांचे साचे ठरले, आणि तलाठ्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत नोंदींची साखळी तयार झाली. एखाद्या सर्व्हे नंबरला कोणाचे नाव कधी लागले हे शंभर वर्षांनीही सापडावे, इतकी ती पक्की होती. निर्णयामागचा विचार जपण्यासाठी मात्र ती बनलेलीच नव्हती. तो विचार जुन्या चिटणिसाच्या नाहीतर अव्वल कारकुनाच्या डोक्यात असे, आणि माणूस वर्षानुवर्षे त्याच कचेरीत असल्यामुळे कोणाला त्याची अडचणही वाटत नसे.

कागद किती काळ ठेवायचा याचे उत्तर वर्गवारीत आहे. ‘अ’ कायमचा, ‘ब’ ३० वर्षे, ‘क-१’ १० वर्षे, ‘क’ ५ वर्षे, ‘ड’ एक वर्ष. प्रकरण निकाली निघाले की ज्याने ते हाताळले त्यानेच वर्ग लावायचा, हा नियम. नियमात चूक काही नाही, घोटाळा अंमलबजावणीत आहे. वर्ग त्या वेळी लागतच नाही. गठ्ठे साचत जातात, मग मोहीम निघते, आणि मोहिमेत बसवलेला कर्मचारी ज्या प्रकरणाशी त्याचा कधी संबंध आला नाही त्याचा वर्ग मिनिटाभरात ठरवतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नगर जिल्ह्यात कचेरी सुधारणेचा जो प्रयोग झाला, ज्याला महसुलातली जुनी मंडळी अजून त्या जिल्हाधिकाऱ्याच्या आडनावाने ओळखतात, त्याने टेबले मोकळी झाली, अभिलेख कक्षात चालायला वाट झाली, हवा तो कागद हाती येऊ लागला. हे मोठेच काम होते आणि राज्यभर त्याचे अनुकरण झाले. २०१७ च्या सुमारास पुणे विभागातून सुरू झालेल्या झिरो पेंडन्सी, म्हणजे काहीच प्रलंबित न ठेवण्याच्या मोहिमेनेही पुन्हा कपाटे उपसली, कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याची जुनी पद्धत पुन्हा बसवली. पण दोन्ही वेळा हिशेब झाला तो निकाली काढलेल्या प्रकरणांचा आणि नष्ट केलेल्या कागदांचा. नव्या माणसाला जुने प्रकरण समजावे म्हणून काय ठेवले, याचा रकाना कोणत्याच तक्त्यात नव्हता.

मग २००५ चा बदल्यांचा कायदा आला. एका पदावर साधारण तीन वर्षे, हे त्याचे सूत्र. मोक्याची खुर्ची वर्षानुवर्षे धरून बसण्याला त्याने आळा घातला, मर्जीच्या बदल्यांना निदान कागदावर तरी अटकाव केला, आणि फाईल एका टेबलावर किती दिवस थांबावी यालाही मुदत घातली. त्याची गरज होतीच. त्याची दुसरी बाजू अशी की ज्या व्यवस्थेत माहिती माणसाच्या डोक्यात होती, तिथून माणूस हलवला आणि डोक्यातले कागदावर उतरवायची सोय केली नाही. पदभार देता-घेताना सही होते ती कपाटाच्या किल्ल्या, जडवस्तू, रोकड आणि प्रलंबित प्रकरणे यांच्या यादीवर. एखाद्या पाणीपुरवठा योजनेचे दोन प्रस्ताव आधी का फेटाळले गेले, अमुक संस्थेला भूखंड देताना कोणती अट तोंडी मान्य झाली होती, हे सांगणारा एक कागदही त्या यादीत नसतो. सांभाळून ठेवलेली टिपणी हाच मग एकमेव धागा उरतो.

त्या टिपणीवरच २००६ मध्ये मोठे भांडण झाले. ते इथे सविस्तर सांगायला हवे, कारण आजच्या कचेरीतल्या अनेक सवयींची मुळे त्यात आहेत.

माहिती अधिकाराचा कायदा ऑक्टोबर २००५ मध्ये पूर्णपणे लागू झाला. माहितीच्या व्याख्येत त्याने मते आणि सल्ले स्पष्टपणे घातले आहेत, अभिलेखाच्या व्याख्येत फाईल आहे, आणि बाधित माणसाला प्रशासकीय निर्णयाची कारणे द्यावीत असे चौथे कलम सांगते. एवढे असूनही ज्या केंद्रीय खात्याने हा कायदा राबवायचा, त्याच खात्याने आपल्या संकेतस्थळावर ‘फायलींवरील टिपण्या माहितीत येत नाहीत’ असे लिहिले. जानेवारी २००६ मध्ये केंद्रातल्या माहिती आयोगाने निकाल दिला की येतात. खात्याने संकेतस्थळ बदलले नाही. जुलै २००६ मध्ये थेट कायद्यात दुरुस्ती करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली : विकास आणि सामाजिक विषयांच्या योजनांवरील टिपण्या तेवढ्या द्यायच्या, बाकीच्या झाकायच्या.

दुरुस्तीच्या बाजूने मुद्दा होता तो असा. कनिष्ठ अधिकाऱ्याने निर्भयपणे मत लिहावे असे वाटत असेल तर त्याचे नाव आणि मत उद्या वर्तमानपत्रात येणार नाही याची खात्री त्याला हवी. ती नसेल तर तो गुळमुळीत लिहील किंवा लिहिणारच नाही. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पण ज्यांनी वर्षानुवर्षे टिपण्या लिहिल्या त्यांपैकी अनेकांचा अनुभव नेमका उलटा होता. ‘हे नियमात बसत नाही’ असे लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला त्याची टिपणीच वाचवते. चौकशी लागली की तोंडी आदेश देणारा हात झटकतो आणि सही करणारा अडकतो. टिपणी उघडी असेल तर कोणी विरोध केला आणि कोणी रेटले ते दिसते. झाकली की दोघांचा रंग एकच.

महाराष्ट्रात हा विषय पेटायला जमीन तयार होती. केंद्राच्या आधीच राज्याने माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा केला होता आणि त्यासाठी इथे आंदोलने झाली होती. ऑगस्ट २००६ मध्ये आळंदीत एका ज्येष्ठ समाजसेवकाने या दुरुस्तीविरुद्ध बेमुदत उपोषण केले. देशभरातून विरोध झाला आणि दुरुस्ती मागे पडली. तरीही टिपण्या देता येतात हे केंद्राच्या त्या खात्याने लेखी मान्य केले ते २००९ मध्ये. मधली तीन वर्षे कचेऱ्यांमध्ये नेमके काय चालले होते हे ज्यांनी त्या काळात अर्ज केले त्यांना ठाऊक आहे.

लढाई जिंकली हे खरे. पण कचेरीने तिच्याभोवतून वाट काढली, आणि तिकडे आंदोलकांचे पुरेसे लक्ष गेले नाही असे मला वाटते. फायलीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा आधीही पडत असे. चर्चा झाली की तिचा सारांश पुढच्या परिच्छेदात लिहायचा, ही शिस्त होती. आता ‘चर्चेप्रमाणे सुधारित टिपणी सादर’ एवढीच ओळ येऊ लागली. चर्चेत कोण होते, काय ठरले, मूळ प्रस्तावात काय खटकले, काहीच नाही. पुढे भ्रमणध्वनीवरचे गट आले आणि आदेश तिथेच सुटू लागले. वरिष्ठाचा तोंडी आदेश लेखी करून घ्यावा हे अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांमध्ये आहे, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले. फायली तपासल्या तर असा लेखी दुजोरा क्वचितच आढळतो.

टिपणीची एकच प्रत असणे किती महाग पडते ते २१ जून २०१२ रोजी दिसले. मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेल्या आगीत वरचे मजले जळाले, पाच माणसे गेली. नंतर फायलींची पुनर्बांधणी करायची वेळ आली, तेव्हा क्षेत्रीय कार्यालयांत गेलेल्या पत्रांच्या आणि आदेशांच्या प्रती मिळवता येण्यासारख्या होत्या. जळालेल्या टिपण्या ती कार्यालये कोठून देणार?

आग न लागताही फायली जातात. ‘सदर नस्ती (म्हणजे फाईल) आढळून येत नाही’ हे उत्तर माहिती अधिकारात इतके रुळले की २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले, एके काळी उपलब्ध असलेली माहिती सापडत नाही एवढ्यावर नाकारता येणार नाही, कसून शोध घ्या आणि जबाबदारी निश्चित करा. राज्याच्या २००५ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याची आठवण बहुधा अर्जदारच करून देतो.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा वेगळीच उणीव समोर आली. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूच्या वह्या, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, तुरुंगाच्या आणि दुय्यम निबंधकांच्या वह्या, मराठवाड्यासाठी निजामाच्या काळातले उर्दू-फारसी कागद, असे कितीतरी दप्तर एकदम बाहेर आले. कागद होते, पण मोडी वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले, कारण १९५० च्या दशकात शाळांमधून मोडी गेली आणि ती वाचणाऱ्याची जागा कचेरीने टिकवली नाही. कोतवालाने लिहिलेली जन्म-मृत्यूची वही पुढे कशासाठी लागेल हे ती लिहिणाऱ्याला माहीत असणे शक्यच नव्हते. मोहिमेत मिनिटाभरात वर्ग ठरवण्यावर माझा आक्षेप आहे तो याच कारणाने.

आता ई-ऑफिस. त्यात पिवळी टिपणी म्हणजे कच्चा मसुदा. ती पक्की केली की हिरवी होते आणि एकदा पुढे पाठवली की बदलता येत नाही. कोणी केव्हा काय लिहिले हे वेळेसह राहते, फाईल गहाळ झाली म्हणता येत नाही. कागदाच्या मानाने ही फार मोठी सुधारणा आहे. पण पिवळी टिपणी टाकूनही देता येते. सहायकाने लिहिलेले प्रतिकूल मत वरिष्ठाने फोनवर ‘हे काढा’ म्हटल्यावर हिरवे होण्याआधीच नाहीसे झाले, तर त्याचा माग फायलीत उरत नाही. कागदावर निदान खोडलेले दिसत होते.

त्यातच २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या आठव्या कलमाचा वैयक्तिक माहितीविषयीचा भाग बदलला. सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर माहिती द्यावी, ही तिथली अट गेली. व्यापक जनहिताची सर्वसाधारण तरतूद त्याच कलमात अजून आहे, पण ती सिद्ध करण्याचा भार प्रत्यक्षात अर्जदारावरच येतो. टिपणी लिहिणाऱ्याचे नाव आणि पदनाम ‘वैयक्तिक’ ठरवून झाकता येते का, हा प्रश्न आता अपिलांमध्ये येणार आहे. २००६ मध्ये दुरुस्तीच्या बाजूने जे बोलले गेले, तेच युक्तिवाद तिथे पुन्हा मांडले जातील.