सानुग्रह मदत आणि नुकसानभरपाई

स्टेडियमच्या दारात चेंगराचेंगरी होते, सभेचा मांडव कोसळतो, दहीहंडीच्या वरच्या थरावरून एखादा गोविंदा खाली येतो, आणि त्याच संध्याकाळी बातमी येते की मृतांच्या वारसांना पाच लाखांची भरपाई जाहीर झाली. या बातमीतला ‘भरपाई’ हा शब्द बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण जाहीर झालेली असते ती सानुग्रह मदत. दोन्हींत पैसेच मिळतात आणि दोन्ही वारसाच्याच खात्यात जमा होतात, त्यामुळे ही सरमिसळ कोणाला खटकत नाही. पण घरातले माणूस गेलेले कुटुंब धनादेश हाती पडला की विषय संपला असे समजते आणि त्याला जे हक्काने मागता आले असते ते मागायचे राहून जाते. म्हणून हा फरक नीट समजून घेणे मला फार गरजेचे वाटते.

सानुग्रह म्हणजे अनुग्रहासह, कृपा म्हणून दिलेले. शासन ही रक्कम देते तेव्हा चूक कोणाची हे ठरलेले नसते आणि ते ठरवण्याची गरजही नसते. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा राज्य सरकारने वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. अशा मदतीची रक्कम सर्वांना सारखी असते. मृत व्यक्ती कमावती होती का, तिच्या मागे किती जण आहेत, याचा हिशेब त्यात नसतो. ती लवकर मिळते, अंत्यविधीपासून पुढच्या काही महिन्यांच्या घरखर्चापर्यंत उपयोगी पडते, आणि ती घेण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र ती मिळाली नाही तर हक्क म्हणून तिच्यासाठी न्यायालयात उभे राहणे अवघड असते.

नुकसानभरपाईचा पाया वेगळा आहे. ज्याच्या ताब्यात जागा किंवा कार्यक्रम आहे त्याच्यावर आलेल्या माणसांची वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य असते. ते त्याने पाळले नाही आणि त्यामुळेच इजा झाली, हे दाखवता आले की भरपाई हा हक्क बनतो. रक्कमही प्रत्यक्ष नुकसानीवरून ठरते. समजा, सामना पाहायला गेलेला, महिन्याला १५,००० रुपये मिळवणारा २४ वर्षांचा तरुण कुलूपबंद दारापाशी चेंगरून मरण पावला आणि मागे पत्नी, लहान मुलगी व आई राहिली. मोटार अपघाताच्या दाव्यांत वापरली जाणारी पद्धत लावली, तर वर्षाचे उत्पन्न १,८०,००० रुपये, त्यात पुढच्या काळातील वाढीसाठी ४० टक्के धरून २,५२,०००, त्यातून त्याचा स्वतःचा एक तृतीयांश खर्च वजा करून १,६८,०००, आणि या वयासाठीचा गुणक १८, म्हणजे ३०,२४,००० रुपये होतात. पाच लाख आणि तीस लाख यांतले हे अंतर त्या मुलीच्या शिक्षणाचे आणि आईच्या औषधपाण्याचे अंतर आहे.

ही पद्धत सार्वजनिक कार्यक्रमांना परकी नाही. एप्रिल २००६ मध्ये मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमधील ग्राहक मेळाव्याला आग लागून ६५ जणांचा मृत्यू झाला. मांडव आणि वीजव्यवस्था ठेकेदाराची होती, तेव्हा जबाबदारीही त्याचीच, असा आयोजकांचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो फेटाळला, आयोजकांवर ६० टक्के आणि राज्य सरकारवर ४० टक्के जबाबदारी ठेवली, आणि मोटार अपघाताच्या तत्त्वांनुसार भरपाई काढण्यास सांगितले. आपल्याकडे ‘मंडपवाल्याला विचारा’ हे उत्तर इतक्या सहज दिले जाते की प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हा निकाल माहीत करून घ्यावा.

सरकारी यंत्रणा दर वेळी जबाबदार धरली जाते असे मात्र नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षकांचा जीव गेला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ८५ टक्के भार चित्रपटगृहाच्या परवानाधारकावर आणि १५ टक्के वीज मंडळावर टाकला. परवाना देणारे पोलीस आणि महापालिका यांना भरपाईतून वगळले. इजा झाली म्हणजे भरपाई मिळालीच, असेही नसते. इंग्लंडमध्ये १९३० साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत मोटार कठडा तोडून प्रेक्षकांत घुसली, तरी असे घडेल याची वाजवी कल्पना येण्यासारखी नव्हती म्हणून तिथल्या न्यायालयाने मैदानाच्या मालकांना दोषी धरले नाही. दोष सिद्ध करण्याचे हे ओझे सानुग्रह मदतीत नसते, भरपाईत असते.

दहीहंडीत गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथे तिसरी रक्कम येते, ती विम्याची. राज्य सरकारने २०२२ मध्ये गोविंदांसाठी आर्थिक साहाय्य जाहीर केले आणि पुढच्या वर्षी विम्याचे कवचही दिले. विमा हा कराराचा पैसा आहे. तो पॉलिसीच्या अटींप्रमाणे मिळतो आणि त्यात आयोजकाची चूक पाहिली जात नाही. आयोजकाविरुद्ध दावा केला, तर मात्र गोविंदाने धोका स्वतःहून पत्करला होता असे उत्तर येईल, आणि थर डगमगून पडण्यापुरते ते टिकूही शकेल. पण हंडीचा दोर ज्या खांबाला बांधला तो कुजका निघून कोसळला, तर तो धोका कोणत्याही गोविंदाने पत्करलेला नसतो.

मदत स्वीकारली म्हणून भरपाईचा हक्क आपोआप जात नाही. अपवाद असतो तो आयोजकाने दिलेल्या रकमेच्या पावतीचा. तिच्यावर ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ अशा अर्थाचे शब्द असतील आणि खाली सही झाली, तर तोच कागद पुढे दाव्याच्या आड येतो. दुःखाच्या त्या दिवसांत घाईने पुढे केलेल्या कागदावर सही करू नये, तो आधी घरी आणून जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा.

मुदत हा आणखी एक फरक, आणि माझ्या मते सर्वांत घातक. मृत्यूबद्दल वारसांचा दावा १८५५ च्या प्राणघातक अपघातांविषयीच्या कायद्याखाली होतो आणि त्याची मुदत मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांची आहे. तिकीट काढून आलेला प्रेक्षक ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, तिथेही दोनच वर्षे. शासनाविरुद्ध दावा लावायचा तर सर्वसाधारणपणे आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. चौकशी समितीचा अहवाल येऊ द्या, मग बघू, असे म्हणत कुटुंबे थांबतात. समितीचे काम चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. आयोजकावर गुन्हा दाखल झाला म्हणूनही ती थांबत नाही, कारण तो खटला शिक्षेसाठी असतो आणि भरपाईचा दावा स्वतंत्रपणे लावावा लागतो.

तिकिटाचा तुकडा, प्रवेशाचा मनगटपट्टा, रुग्णालयाचा केसपेपर, पंचनाम्याची प्रत आणि पगाराचा किंवा रोजंदारीचा कोणताही पुरावा पहिल्या आठवड्यातच एका पाकिटात जमा करावा, कारण मैदान दुसऱ्या दिवशी झाडून स्वच्छ होते. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना, मुलांना आणि सामूहिक आपत्तीतील पीडितांना तिथे मोफत वकील मिळतो.