एक्स-रे छान, पण गुडघ्याचं काय?

‘एक्स-रे उत्तम आलाय, म्हणजे ऑपरेशन यशस्वी. दुखतंय म्हणणं हा मनाचा खेळ.’ गुडघेबदलानंतर हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. सांधा नीट बसला आहे का, सैल झाला आहे का, हे एक्स-रे दाखवतो. रात्री दुखण्यानं झोपमोड होते का, हे त्यात दिसत नाही. फोटो निर्दोष असूनही दुखणारे गुडघे असतात. साधारण पाचातला एक रुग्ण निकालावर पूर्ण समाधानी नसतो, असं परदेशातल्या मोठ्या पाहण्यांत आढळलं आहे.

‘पेशंटचं म्हणणं मोजणार कसं?’ मोजतात की! १९९८ सालचा ‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’ घ्या. गेल्या चार आठवड्यांबद्दल १२ प्रश्न: जिना उतरता येतो का, खुर्चीतून उठताना किती दुखतं, गुडघे टेकून पुन्हा उठता येतं का. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८. जास्त गुण म्हणजे गुडघा चांगला. (जुन्या पद्धतीत नेमकं उलटं होतं, त्यामुळे जुने आकडे वाचताना सांभाळून.) इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं २००९पासून गुडघा आणि खुब्याच्या रुग्णांकडून अशी प्रश्नावली ऑपरेशनआधी आणि सहा महिन्यांनी भरून घ्यायला सुरुवात केली. आधीची नोंद नसेल तर नंतरच्या आकड्यावरून फरक काय कळणार?

मात्र या १२ प्रश्नांत मांडी घालण्याबद्दल एकही प्रश्न नाही. आपल्याकडे पहिला प्रश्न तोच असतो.