महिन्याचं सामान: मराठी घरांच्या काटकसरीमागचा इतिहास

काटकसरीच्या टिपा म्हटलं की आजी आलीच. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणारी, साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारी, भाजीचे देठसुद्धा वाया जाऊ न देणारी. जणू ती जन्माला येतानाच काटकसर घेऊन आली आणि उधळेपणा आपल्या वाट्याला आला. ही गोष्ट गोड आहे, पण अर्धवट आहे. तिच्या पिढीच्या हातात रेशनकार्ड होतं, दारात रॉकेलची रांग होती आणि वाण्याकडे उधारीची वही होती. शिवाय ती पिढी काटकसर एकेकटी करत नव्हती. पैसा खरा वाचला तो चार घरं एकत्र आली तेव्हा. इथे फक्त किराण्यापुरतं बोलतो. सोनं, घर, विमा हे विषय वेगळे.

सुरुवात गिरणगावापासून करावी लागते, कारण कामगाराच्या घरखर्चाचा नीट हिशोब पहिल्यांदा मांडला गेला तो तिथे. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने गिरणी कामगार आणि इतर कष्टकरी कुटुंबांची पाहणी केली. खर्चातला जवळपास ५७ टक्के वाटा नुसत्या अन्नावर जात होता. त्याहून बोलका आकडा कर्जाचा: शंभरातली ४७ कुटुंबं कर्जात होती आणि व्याजाचा सर्रास चालणारा दर होता रुपयामागे महिना एक आणा. ऐकायला किरकोळ वाटतं. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के आणि वर्षाला पंचाहत्तर टक्के. अशा घराला ‘जपून खर्च करा’ असं सांगण्यात काय अर्थ होता? पगार व्हायचा, त्यातून मागची उधारी फिटायची आणि दुसऱ्या दिवसापासून वही पुन्हा सुरू. उधारीवर घेणाऱ्याला भावात घासाघीस करता येत नाही. डाळीत खडे निघाले तरी दुकान बदलता येत नाही, कारण दुसरा दुकानदार उधार देणार नसतो. गरिबाला किराणा महाग पडायचा तो इथे.

वर्षाचं धान्य भरण्याची जी पद्धत आपण आज कौतुकाने आठवतो, तिचीही हीच दुसरी बाजू आहे. मार्च-एप्रिलमध्ये गहू स्वस्त असतो तेव्हा पोती घ्यायची, उन्हं दाखवायची, कडुनिंबाचा पाला घालून पिंपात भरायची, तांदळाला एरंडेल किंवा बोरिक पावडर चोळायची. हिशोब चोख आहे, पण एकरकमी पैसा असेल तरच जमणारा. हातावर पोट असलेल्याला हा स्वस्तपणा परवडत नव्हता. ज्यांच्या घरात ही पोती यायची त्यांचा पगार नियमित होता किंवा गावाकडे शेती होती, हे विसरून चालत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने मात्र सगळ्यांनाच एका रांगेत उभं केलं. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिकडून येणारा तांदूळ थांबला आणि १९४३ मध्ये मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. माणशी ठरलेलं धान्य, ठरलेलं दुकान, ठरलेला आठवडा. भातावर वाढलेल्या कोकणी घरांना गहू आणि ज्वारी शिकावी लागली. स्वातंत्र्यानंतर नियंत्रणं काही काळ उठली, पुन्हा आली आणि रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना १९५४ पर्यंत बरीचशी सैल झाली. पण तोवर दशकभरात ‘माणशी किती लागतं’ हे मोजून पाहण्याची सवय शहरातल्या घरांना लागली होती. पाहुणे राहायला येताना सोबत रेशनचं धान्य आणत, अशा आठवणी त्या पिढीकडून ऐकायला मिळतात. आज ते चमत्कारिक वाटेल. तेव्हा तो साधा शिष्टाचार होता.

याच काळात एक वेगळा प्रयोग मूळ धरत होता. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना वाट मिळाली होती, पण तो पैसा उसना मिळण्यापुरता सहकार. वस्तू एकत्र विकत घेण्याचा सहकार मुंबईत रुजला तो १९४८ मध्ये, नायगावात. गिरणी कामगारांच्या वस्तीत उभं राहिलेलं ते ग्राहक भांडार पुढे ‘अपना बाजार’ म्हणून शहरभर गेलं. भाव वाजवी, माप पूर्ण, भेसळ नाही, आणि दुकानाचा मालक ग्राहकच. मापाचा मुद्दा तेव्हा फार मोठा होता. शेर, छटाक, पायली ही मापं गावागणिक बदलायची आणि फसवणुकीला भरपूर वाव होता. मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत सक्तीची झाली. किलोच्या वजनाने सामान्य घराचे किती पैसे वाचवले याचा हिशोब कोणी मांडलेला नाही, पण मांडण्यासारखा नक्कीच आहे.

मग आली ती वर्षं, ज्यांनी आजच्या साठी-सत्तरीतल्या माणसांच्या सवयी घडवल्या. १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन दुष्काळ, त्यातच जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. अमेरिकेचा गहू रेशनवर आला. सोमवारी रात्री जेवण सोडण्याचं लालबहादूर शास्त्रींचं आवाहन घराघरांत पाळलं गेलं. १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ तर अजून बोलण्यात असतो: दुष्काळी कामावर मजुरांना मिळणारी सुकडी (पौष्टिक पिठाचा खाऊ) आणि रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी ना धड थापली जायची ना घशाखाली उतरायची. ऑक्टोबर १९७३ नंतर जगभर तेल भडकलं. १९७४-७५ मध्ये घाऊक किमतींची वाढ २५ टक्क्यांच्या घरात पोचली. साखर, रॉकेल, डालडा, गोडेतेल. सकाळी एक गोष्ट गायब, संध्याकाळी दुसरी.

इथे मुंबईतल्या बायका रस्त्यावर उतरल्या. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी. एरवी एकमेकींविरुद्ध निवडणुका लढवणाऱ्या पक्षांच्या या बाया डाळ-तांदळाच्या प्रश्नावर एका व्यासपीठावर आल्या. हातात लाटणी, थाळ्या, हंडे. ज्यांनी आयुष्यात कधी घोषणा दिली नव्हती अशा गृहिणी ठरलेल्या वेळी घरात थाळी बडवून निषेध नोंदवत. मागण्या अगदी नेमक्या होत्या: रेशनवर पुरेसं धान्य द्या, तेल आणि रॉकेल मिळेल असं करा, साठेबाजांवर धाडी घाला. मंत्र्यांना घेराव झाले. मला या आंदोलनात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यात कोणी बायकांना ‘काटकसर करा’ म्हटलं नाही. काटकसर करून करून थकलेल्या बायकाच तिथे आल्या होत्या आणि आता हिशोब सरकारने द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, मृणाल गोरे भूमिगत झाल्या, नंतर तुरुंगात गेल्या, आणि मोर्चे ओसरले.

सरकारचाही एक हिशोब चालू होताच. १९७४ मध्ये कायदा करून नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत टाकायला लावला. महागाई वाढली म्हणून मिळालेला भत्ता, तोच हातात अर्धा! बचत वाढवण्याचा तो मार्ग नोकरदारांना अर्थातच आवडला नाही. त्यामानाने १९७२ ची महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना पुष्कळ शहाणी होती. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते वस्तीतलीच एक बाई दारोदार फिरून गोळा करायची आणि त्यावर तिला कमिशन मिळायचं. पोस्टात बचत खातं १८८२ पासून होतं, पण दुपारच्या कामातून पोस्टापर्यंत जायला बाईला सवड कुठली? एजंट बाई घरी आल्यावर दहा-वीस रुपये डब्यातून निघायचे. जोडीला भिशी होतीच. कायद्याचा कागद नाही, फक्त एकमेकींची ओळख आणि कोणाचा नंबर कधी याची चिठ्ठी. मिक्सर, शिलाई मशीन, मुलाची फी अशा कितीतरी गोष्टी भिशीतून आल्या.

मोर्चा संपल्यावर रोजच्या किराण्याचं काय, या प्रश्नाचं एक उत्तर त्याच सुमारास तयार होत होतं. बिंदुमाधव जोशी यांनी पुढाकार घेतलेली ग्राहक पंचायत आधी पुण्यात रुजली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. गायक-संगीतकार सुधीर फडके या कामात जोशींच्या सोबतीला होते. १९५४ च्या दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामातही दोघं होते. कल्पना अशी, की दुकानच नको. शेजारपाजारच्या कुटुंबांनी आपला एक संघ करायचा. प्रत्येक घराने महिन्याची यादी आधी भरून द्यायची: तूरडाळ किती, रवा किती, पोहे, शेंगदाणे, गूळ, साबण. सगळ्या संघांच्या याद्यांची बेरीज झाली की तेवढाच माल घाऊक बाजारातून किंवा उत्पादकाकडून घ्यायचा. ठरलेल्या दिवशी तो संघातल्या कोणाच्या तरी घरी उतरतो. हॉलमधलं फर्निचर भिंतीला सरकतं, सतरंजी पसरली जाते, एकजण यादी वाचते, दुसरी नावाप्रमाणे ढीग लावते, तिसरी पैशांचा ताळा जमवते. तासाभरात पिशव्या आपापल्या घरी.

यात पैसे वाचतात ते कुठून? दुकानाचं भाडं नाही, नोकर नाहीत, जाहिरात नाही, आणि न खपलेला माल उरत नाही कारण मागणीआधी खरेदीच नाही. हे झालं व्यवहाराचं. माझ्या मते त्याहून मोठी बचत यादीमुळे होते. पुढच्या महिन्याला काय लागेल हे आज लिहून द्यायचं म्हटलं की माणूस डबे उघडून पाहतो. मागच्या महिन्याचा साबुदाणा तसाच पडलाय हे तेव्हा कळतं. दुकानात उभं राहून हे कळत नाही. मुंबई-ठाण्यापासून पुणे, रत्नागिरीपर्यंत हजारो कुटुंबं या पद्धतीत आली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे जो रेटा होता, त्यातही ग्राहक पंचायतीचं काम होतं.

एक गोष्ट मात्र या सगळ्या कौतुकात मोजली जात नाही. याद्या गोळा करणं, माल वाटणं, हिशोब ठेवणं हे बहुतांशी बायकांनी केलं, तेही बिनपगारी. नोकरी, लोकल आणि स्वयंपाक यांतून महिन्याला एक अर्धा दिवस काढणं पुढे अवघड होत गेलं. किलोमागे वाचलेले पैसे यादीत दिसतात, तो अर्धा दिवस दिसत नाही.

नव्वदच्या दशकात बाजाराचं रूप पालटलं. सुट्ट्या मालाची जागा पाकिटांनी घेतली. पाकिटावर छापील किंमत पूर्वीही असे, पण ‘स्थानिक कर वेगळे’ या तीन शब्दांच्या आडोशाने दुकानदार हवे तेवढे वर लावी. १९९० मध्ये सर्व करांसह कमाल किंमत छापणं बंधनकारक झालं आणि तो आडोसा गेला. २००२ मध्ये पवईला डीमार्टचं पहिलं दुकान उघडलं. तिथली स्वस्ताईसुद्धा जादूची नाही: बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या, पुरवठादाराला पैसे लवकर, दुकानाला सजावट बेताची. ग्राहक भांडारांना जे साधायचं होतं त्यातलं बरंच एका खासगी कंपनीने साधलं, हे मान्य करायला हवं. फरक यादीचा. तूरडाळ घ्यायला गेलेलं कुटुंब प्लास्टिकचे डबे, दोन टी-शर्ट आणि बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन बाहेर येतं, आणि तरीही बिलाखाली ‘इतके रुपये वाचवले’ असं छापलेलं असतं.

२०२० च्या टाळेबंदीत जुनी पद्धत अचानक परतली. भाजी मिळेना तेव्हा पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांनी व्हॉट्सॲपवर याद्या करून शेतकरी गटांकडून थेट गाड्या मागवल्या. फळं-भाजीपाला २०१६ मध्ये राज्यात बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला होता, त्यामुळे त्याला कायद्याची आडकाठी नव्हती. बाजार उघडल्यावर बरेचसे ग्रुप थंडावले. कांदा, आंबा, हळद, इंद्रायणी तांदूळ अशा मोसमी मालापुरते काही अजून चालतात, आणि वर्षाचं धान्य एकत्र मागवायला ते पुरतात.

दरम्यान फसवणुकीची जागा तराजूतून पाकिटात गेली आहे. दहा रुपयांचा पुडा दहालाच राहतो, आतले ग्रॅम कमी होतात. पूर्वी चहा, बिस्किटं, तेल, डिटर्जंट अशा बऱ्याच वस्तूंना ठरावीक वजनांचीच पाकिटं काढण्याचं बंधन होतं. ते आता उरलेलं नाही, त्यामुळे ८५ ग्रॅम, १३० ग्रॅम असे आकडे दिसतात आणि दोन पाकिटांची तुलना डोक्यात होत नाही. त्याच्या बदल्यात नियमाने एक सोय दिली आहे: कमाल किमतीच्या जवळच बारीक अक्षरांत प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापावा लागतो. शाम्पूची पुडी आणि बाटली शेजारी धरून असा दर काढून पाहिला तर कित्येकदा पुडीच स्वस्त निघते.